चाकरमान्यांनो, पुस्तकांची पिशवी भरण्याआधी या चुका टाळा

गणपतीला गावी येणारे मुंबईकर हल्ली मिठाईच्या बॉक्ससोबत घरातल्या मुलांसाठी पुस्तकंही आणतात. आणावीतच. पण त्यातली बरीचशी अनंत चतुर्दशीच्या आत माळ्यावर जातात, आणि पुढच्या वर्षी तेच काका पडवीत बसून ‘आजकालची पोरं वाचतच नाहीत’ असं म्हणत असतात. पोरांनी काय वाचावं हे ठरवताना कोणी पोराकडे बघितलेलं नसतं, एवढंच.

सगळ्यात जुनाट चूक म्हणजे स्वतःच्या लहानपणीचं आवडतं पुस्तक पोराच्या हातात देणं. यात पहिला मान ‘श्यामची आई’चा. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे, पुस्तकातलं घर-अंगण-विहीर सगळं आपल्याकडचं, म्हणून ‘आपलंच पुस्तक’ असं म्हणत ते दुसरी-तिसरीतल्या मुलाला दिलं जातं. गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ साली ते छापून आलं. त्यात श्याम आपल्या आठवणी सांगतो त्या आश्रमातल्या सोबत्यांना. सात वर्षांचं पोर त्याच्यासमोर बसलेलं नाही. परिच्छेद लांब, अधूनमधून संस्कृत श्लोक, सावकाराचा तगादा आणि शेवटी आईचं जाणं. मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं ते त्यांना पुढचं माहीत असतं म्हणून. लहान मूल तिथवर पोचतच नाही.

मालवणकडच्या एका घरात हे अगदी सविस्तर घडलं. मुलगा तिसरीतला. काकांनी पुस्तक आणलं आणि सोबत नियमही: रोज दोन पानं वाचायची, रात्री फोनवर काय वाचलं ते सांगायचं. चार-सहा दिवस बरे गेले. मग फोन वाजला की पोर गोठ्याकडे. एकदा आईने बघितलं, तर हा खुणेचा कागद रोज दोन पानं पुढे सरकवून ठेवत होता, एक ओळही न वाचता. काकांनी दोष दिला मोबाइलला. त्याच मुलाने शाळेच्या पेटीतलं खेकड्यांवरचं सोळा पानी पुस्तक कोपरे गोल होईस्तोवर वाचलं होतं. ते कोणी वाचनात धरलंच नाही. का, तर ‘ता काय, चित्रांचा!’

‘श्यामची आई’ या वयात द्यायचीच असेल तर वाचून दाखवा. सुरुवात पोहण्याच्या प्रकरणापासून करा. तुडुंब भरलेली विहीर, उडी मारायला घाबरणारा श्याम आणि मागे लागलेली आई हे कोकणातल्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. पुस्तकाच्या ४२ रात्री आहेत. एका बैठकीला एकच. स्वतःहून वाचायला सहावी-सातवीनंतर ठेवा. आणि लहानग्यांना कोकणातलाच माणूस वाचायला द्यायचा तर देवगडजवळच्या धालवलीचे विंदा करंदीकर आहेत की! त्यांच्या बालकविता चार ते आठ वर्षांच्या मुलांसमोर मोठ्याने म्हणा, अर्थ सांगत बसू नका. तिसऱ्या वेळी पोर तुमच्या आधी यमक पुरं करतं.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण ती करणारा स्वतःला जाणकार समजतो. दुकानात ‘चौथीतल्या मुलीसाठी काहीतरी द्या’ म्हणून पुस्तक घेणारे एक, आणि इंटरनेटवर वाचून पाच बोटांची चाचणी लावणारे दुसरे. मधलं पान मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यायचं, अडखळलं की एक बोट मिटायचं, पाचही मिटली तर पुस्तक कठीण. ही चाचणी इंग्रजीसाठी बरी आहे. मराठीत ती जशीच्या तशी चालत नाही, कारण देवनागरीत लिहिलंय तसंच वाचायचं असतं. अक्षरं, मात्रा आणि जोडाक्षरं बसली की दुसरी-तिसरीतलं मूल बँकेचं पासबुकसुद्धा खळखळ वाचतं. कळत काहीच नसतं. आजी खूश, गुरुजी खूश, आणि पोरापुढे त्याच्या समजेच्या दोन पायऱ्या वरचं पुस्तक.

म्हणून चाचणी अशी घ्या. साधारण शंभर शब्दांचा मजकूर वाचून घ्या. चित्रपुस्तकात एका पानावर वीसच शब्द असतात, तेव्हा सलग चार-पाच पानं. मग पुस्तक मिटा आणि विचारा, ‘मगे काय झालां?’ मूल मालवणीत सांगेल, मालवणीतच ऐका. तिथे ‘झालं’ म्हण, ‘आसा’ नाही ‘आहे’ म्हण असं सुरू केलंत तर पुढच्या वेळी ते तोंड उघडणार नाही. गोष्ट क्रमाने आली, एखाद-दुसरा शब्द हुकला, तर पुस्तक बरोबर. नुसती शेवटची ओळ परत म्हणून दाखवली तर पुस्तक बाजूला ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा बघा. आणि अडखळण्यातही फरक करा. ‘दुपारच्या’ मधल्या च्या-शी अडलं, रफाराशी अडलं, तर तो सरावाचा प्रश्न. पंधरा दिवसांत सुटतो. ‘तगादा’ नीट वाचून पुढे जाणारं मूल मात्र काही न समजता पुढे गेलेलं असू शकतं.

छपाईही पुस्तक हातात घेऊन बघा. नव्याने वाचणाऱ्या मुलाला अक्षर अठरा पॉइंटच्या आसपास हवं, ओळींमध्ये मोकळी जागा हवी, आणि ओळीच्या शेवटी शब्द तुटलेला नको. मराठी शब्द प्रत्ययांनी लांबत जातात. ‘झाडाखालच्यांपैकी’ असा एक शब्द दोन ओळींत फुटला की नवशिक्याचा श्वास तिथेच संपतो. मागच्या कव्हरवरचं ‘वय ५ ते १२’ वाचून निवडू नका. पाच आणि बारा वर्षांच्या पोरांना एकच चप्पल बसत नाही.

प्रत्येक गोष्टीखाली ‘तात्पर्य’ छापलेली पुस्तकं घेऊ नका. मुलं तात्पर्य आधी वाचतात आणि गोष्ट सोडतात.

दहा पुस्तकांचा सेट स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. एक घ्या, आवडलं तर पुढची.

वाचून झालं की सारांश लिहायला लावू नका. याहून जास्त काही लिहावंसं वाटत नाही.

‘आता चौथीत गेलास, चित्रांची पुस्तकं पुरे’ हे वाक्य कोणी शोधून काढलं कोण जाणे. माधुरी पुरंदरेंची चित्रपुस्तकं चौथीतल्या मुलासमोर ठेवून बघा. मजकूर थोडा, पण घरातलं राजकारण, रुसवेफुगवे, मोठ्यांचे स्वभाव असं बरंच काही चित्रांत असतं आणि मूल ते हेरतं.

गोष्टी न आवडणारी मुलंही असतात, आणि त्यांना उगाच कच्चे वाचक म्हणतात. हर्णै बंदरावर लिलाव बघत वाढलेल्या मुलाला राजकन्येत रस नसेल. मासे, होड्या, इंजिन यांवरचं पुस्तक द्या. फक्त ते नीट तपासून घ्या. वेळासच्या पोरांनी कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना बघितलेली असतात. अंडी वाळूतल्या खड्ड्यात असतात आणि आई ती घालून निघून जाते, हे त्यांना माहीत आहे. पिल्लांशेजारी आई बसलेली दाखवणारं चित्र दिसलं की ती हसतात, आणि मग पुस्तकातल्या बाकीच्या माहितीवरही विश्वास ठेवत नाहीत.

नऊ ते बारा वयाला पुस्तकांची मालिका द्यावी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून चालतो, पण तार, ट्रंककॉल असे शब्द येतील तिथे दोन मिनिटं थांबून सांगायची तयारी ठेवा. पहिलं प्रकरण तुम्ही वाचा, ऐन रंगात आलं की चहाला उठा. बाकीचं पोर आपणच वाचतं. मालिकेत कोणतं आधी, कोणतं नंतर यावर वाद घालणाऱ्यांना घालू द्या.

पैसे नसले तरी अडत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक फुकट वाचायला मिळतात. दोन-तीन पानांच्या गोष्टी या वयाला नेमक्या बसतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर पातळ्यांनुसार मराठी पुस्तकं आहेत, वाडीत रेंज नसेल तर तालुक्याला उतरवून छापून आणा. मात्र तिथलं भाषांतर कोणीही करू शकतं. छापण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडते तिथे मुलाचीही अडणार.

राहता राहिला पाऊस. इतकं निवडून आणलेलं पुस्तक श्रावणात बुरशीने जातं, ते बहुतेक ‘काळजी’मुळे. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं की आतली ओल आतच राहते. बाहेरच्या भिंतीला लागून फळी नको. मध्ये चार बोटं जागा सोडा, पुस्तकं उभी आणि सैल ठेवा, आठवड्यातून एकदा पानं फडफडवा. मुलांच्या पुस्तकांत डांबरगोळ्या घालू नका, त्या पोटात गेल्या तर विषारी आहेत आणि धाकटी भावंडं काहीही तोंडात घालतात. बुरशी दिसलीच तर नाकाला फडकं बांधून, अंगणात, कोरड्या ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसू नका.

मधोमध पिना मारलेल्या पातळ पुस्तकांच्या पिना खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतात आणि मधली पानं सुटतात. गंज दिसताच पिना उचकटून काढा. दुमडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, एक बरोबर मध्ये, दोन कडांपासून दोन-दोन बोटं आत. जाड सुती दोऱ्यावर मेणबत्ती घासा. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, तिथून थेट खालच्यातून बाहेर, आणि मधल्यातून परत आत. आतल्या बाजूच्या लांब टाक्याच्या दोन्ही अंगांना दोन टोकं घेऊन गाठ मारा. चिकटपट्टी लावू नका. ती वर्षभरात पिवळी पडते आणि सोबत कागद घेऊन निघते.