उंदरांची वीण: पहिले ३५ दिवस

पाळलेली मादी गाभण आहे हे बहुतेकदा उशिराच कळतं. दिवस भरायला २१ ते २३ दिवस लागतात, पण पोट नजरेत भरतं ते शेवटच्या आठवड्यात. वरून पाहिलं तर कमरेच्या दोन्ही बाजू फुगलेल्या दिसतात आणि कागद, चिंध्या, जे सापडेल ते तोंडात धरून ती एका कोपऱ्यात नेऊ लागते. नव्याने आणलेल्या मादीच्या बाबतीत, आणल्या दिवसापासून २३ दिवस उलटेपर्यंत ती गाभण असू शकते असंच धरून चाला.

पहिलं काम म्हणजे नर वेगळा करणं, तेही ती विण्याआधी. व्यायल्यावर २४ तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते. नर तिथेच असेल तर एक वेत अंगावर पीत असतानाच दुसरं पोटात राहतं. वर पाजणाऱ्या मादीच्या पोटात गर्भ रुजायला उशीर लागतो, त्यामुळे २३ दिवसांचा हिशेबही पुढे ढकलला जातो आणि बेसावध असताना दुसरं वेत समोर येतं.

जागा. जाळीचा उंच पिंजरा आता नको. जन्मलेलं पिल्लू ५-६ ग्रॅमचं असतं, गजांमधून सहज निसटतं. तोंडावर जाळी लावलेली प्लास्टिकची मोठी पेटी किंवा काचेची टाकी घ्या; तळ निदान ६० बाय ४० सेंटिमीटर. चाक, झोळी, वरचे मजले काढून टाका. सडाला लोंबकळणारं पिल्लू घेऊनच आई कधी कधी वर चढते आणि ते मध्येच खाली पडतं. तळाला कागदी भुशाचा ४-५ सेंटिमीटर थर द्या. देवदार किंवा पाइनचा भुसा वापरू नका. त्याच्या उग्र वासाचा श्वसनाला त्रास होतो आणि उंदरांची फुप्फुसं मुळातच नाजूक. घरट्यासाठी टिश्यू पेपरच्या पट्ट्या फाडून नुसत्या टाकून ठेवा, रचायचं काम ती करेल. कापूस, लोकर, सुटे दोरे नकोत. धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळला जातो, आवळतो आणि पाय काळा पडेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

आईचं खाणं. उंदरांसाठीचे तयार दाणे हाच आधार, १८ ते २० टक्के प्रथिनांचे. शिवाय रोज उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. पाजणाऱ्या मादीला मोजून-मापून खायला घालू नका; दाणे आणि पाणी कायम समोर हवं.

विताना बहुतेक वेळा तुमचं काहीच काम नसतं. सगळी पिल्लं साधारण तास-दोन तासांत बाहेर येतात, ती दातांनी ओढून घेते, चाटते, वार खाऊन टाकते. थोडं रक्त दिसणारच. कळा देऊन दोन तास झाले आणि एकही पिल्लू नाही, लालभडक रक्त थांबत नाही, किंवा ती गळून पडली, तर लगेच पशुवैद्य. मेलेलं किंवा अधू पिल्लू ती खाते. पाहायला वाईट वाटतं, पण ती घरटं साफ ठेवत असते. धडधाकट पिल्लं खाल्ली जातात ती बहुधा गोंगाट, प्रखर उजेड, भूक किंवा पहिल्याच दिवशी घरटं हलवण्याने. माणसाचा हात लागला की आई पिल्लं खाते, हे मात्र माणसाळलेल्या मादीबाबत खरं नाही.

पिल्लं पहिल्यांदा तपासायची ती आई खायला बाहेर आल्यावर. बिनवासाच्या साबणाने हात धुवा, तिच्याच भुशात चोळा, पिल्लं मोजा, मेलेली काढा. मग एकेकाचं पोट बघा: पातळ गुलाबी कातडीतून डाव्या बाजूला दुधाचा पांढरा पट्टा दिसतो. पट्टा असेल तर बाकी काळजी सोडा. सड १२ असतात, वेत कधी त्याहून मोठं. लहान पिल्लांचे पट्टे रिकामे दिसले तर भरल्या पोटाची निम्मी पिल्लं अर्धा तास उबदार डब्यात काढून ठेवा, म्हणजे उरलेल्यांना जागा मिळते.

पुढे सगळं भराभर होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कान सुटे होतात, आठवड्यात लव येते. आठव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान नर-मादी ओळखण्याची सगळ्यात सोपी संधी असते: माद्यांच्या पोटावर सडांचे ठिपके दोन ओळींत स्पष्ट दिसतात, नंतर ते केसांत झाकले जातात. नरांमध्ये शेपटीखालच्या दोन छिद्रांतलं अंतर मादीच्या जवळजवळ दुप्पट. दोन पिल्लं शेजारी धरून पाहा, एकट्यावरून अंदाज चुकतो. चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात आणि मग काही दिवस ती कारण नसताना टणकन उडतात, म्हणून जमिनीवर बसूनच हाताळा. आता दाणे पाण्यात भिजवून ठेवा, बाटलीची नळी खाली आणा. पाण्याची खोल वाटी ठेवू नका, त्यात पिल्लू बुडतं.

आई नसेल तर दुसरी पाजणारी मादी मिळवणं हाच खरा उपाय. अनाथ पिल्लं तिच्या भुशात घोळवून तिच्या पिल्लांत मिसळा. हाताने पाजणं कष्टाचं आणि बेभरवशाचं: पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. गायीचं दूध नको, मांजराच्या पिल्लांची दूध पावडर कोमट करून बारीक ब्रशच्या टोकाने द्या. पिल्लू पोटावरच ठेवा. उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. नाकावर बुडबुडा आला की डोकं खाली करून टिपून घ्या. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध, कारण थंड अंगात दूध पचत नाही. प्रत्येक पाजणीनंतर ओल्या कोमट बोळ्याने शेपटीखाली हलकेच पुसा, नाहीतर शी-शू होत नाही.

आईच्या डोळ्यांभोवती किंवा नाकाशी लाल खपली दिसली तर ते रक्त नसतं, ताण किंवा आजारपणात सुटणारा स्राव असतो. सोबत श्वासाचा खरखर आवाज असेल, किंवा एखादा सड कडक आणि गरम लागत असेल, तर पशुवैद्याकडे न्या.

चार आठवडे पिल्लं आईजवळ असू द्या. पाच आठवडे होताच नर काढा, कारण त्यापुढे ते आईला आणि बहिणींनाही गाभण ठेवू शकतात. काढण्याआधी प्रत्येकाचं लिंग पुन्हा तपासा, तेही उबदार खोलीत. थंडीत नराच्या गोट्या आत ओढल्या जातात आणि तो मादीच्या गटात जाऊन बसतो.