कोठडीत मृत्यू झाल्यास नातेवाइकांनी पहिल्या दिवशी काय करावे

पोलीस ठाण्यातून येणारा निरोप बहुधा ठरावीक असतो: छातीत दुखू लागले, रुग्णालयात नेले, उपचारांपूर्वीच मृत्यू झाला. हे खरेही असू शकते. मात्र त्याचा निवाडा त्याच ठाण्याने करायचा नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार ही चौकशी न्यायदंडाधिकारी करतात आणि शक्य असेल तेथे नातेवाइकांना कळवून हजर राहू देतात. म्हणून पहिला अर्ज त्यांच्याकडे करावा आणि पोच घ्यावी.

मरणोत्तर पंचनाम्याच्या वेळी जबाबाचा तयार कागद पुढे केला जातो. त्यात ‘आमचा कोणावरही संशय नाही’ असे वाक्य असल्यास सही करू नये; दुःखाच्या भरात केलेली ती सही पुढे वर्षानुवर्षे आडवी येते.

शवविच्छेदन डॉक्टरांच्या मंडळाकडून आणि चित्रीकरणासह व्हावे, अशी लेखी मागणी करावी. तळपाय, नितंब आणि पाठ येथील त्वचा छेदून आतील भाग तपासावा, हेही त्यात स्पष्ट लिहावे, कारण पट्ट्याच्या माराचे खोलवरचे रक्त साकळणे वरून पुष्कळदा दिसतच नाही. अंगावरचे कपडे मोहोरबंद करून घ्यावेत. अहवालाबद्दल शंका असल्यास दहनाची घाई करू नये. दफन केलेला मृतदेह दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने पुन्हा तपासता येतो.

सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याचा अर्जही त्याच दिवशी, कोठडी, मार्गिका आणि प्रवेशद्वार यांचा वेळेसह उल्लेख करून द्यावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशानुसार हे चित्रण १८ महिने, आणि ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष ठेवायचे असते व कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रमुखाची असते. ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर मिळाले, तर तेही लेखी घ्यावे.

परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. मारहाण झालीच नाही, अशी सरकारची भूमिका होती. प्राथमिक शवविच्छेदन अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदले गेले. तरीही गुन्हा नोंदवण्याच्या आदेशासाठी त्यांच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. तो आदेश जुलै २०२५ मध्ये झाला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचे आव्हान फेटाळले.