जुन्या मारुती ८००च्या हेडलाइटला रिले कसे बसवावेत

जुन्या ८००चा उजेड मंद पडला की पहिला सल्ला मिळतो तो १००/९० वॅटचे बल्ब टाकण्याचा. तो ऐकू नका. मूळ वायरिंग ६०/५५ वॅटच्या एच-४ बल्बांनाच जेमतेम पुरतं. त्यापेक्षा जास्त वॅट टाकले की आधी होल्डर वितळतो, मग रिफ्लेक्टर काळवंडतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. खरं दुखणं बहुतेक वेळा बल्बात नसतं. बल्बापर्यंत पुरेसं व्होल्टेज पोहोचतच नाही.

अप्परवर (लांबवर जाणाऱ्या उजेडावर) दोन्ही बल्ब मिळून सुमारे १० अँपिअर ओढतात. हा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून, बारीक वायरीतून फिरून पुढे येतो. १ चौरस मिलिमीटरच्या ४ मीटर तांब्याच्या वायरीतच सुमारे ०.७ व्होल्ट जातात. झिजलेल्या स्विचमध्ये आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये (बॉडीला जोडलेल्या मायनसमध्ये) जातात ते निराळेच. हॅलोजन बल्बाला ही घट अजिबात सोसत नाही. व्होल्टेज १० टक्के उतरलं की उजेड सुमारे ३० टक्के उतरतो. रिले म्हणजे आतल्या कॉइलमधल्या लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. ती बसवली की दिव्यांचा करंट जाड वायरीने थेट बॅटरीतून येतो आणि जुन्या स्विचला फक्त कॉइल चालवायची असते.

आधी मोजा

इंजिन चालू ठेवून थोडी रेस द्या, डिपर (जवळचा, खाली पडणारा उजेड) लावा आणि मीटरने बॅटरीच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज बघा. मग कपलर (बल्बाच्या मागे बसणारा वायरींचा प्लग) न काढता, त्याच्या मागून मीटरच्या पिना घालून बल्बावरचं बघा. बॅटरीवर १३.८ आणि बल्बावर १२.४ आले तर रिले बसवण्याचं सार्थक होईल. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर रिफ्लेक्टर आणि काच तपासा. बॅटरीवरच १३च्या खाली दिसत असेल तर अल्टरनेटर, बेल्ट आणि बॅटरीची टोकं आधी बघून घ्या. त्यावर रिले हा उपाय नाही.

सामान

१२ व्होल्ट, ३० अँपिअरचे चार पिनांचे दोन रिले, त्यांचे सॉकेट, एच-४चे दोन सिरॅमिक होल्डर, झाकणाचे दोन फ्यूज होल्डर आणि १५ अँपिअरचे फ्यूज. मुख्य लाइनला २.५ चौरस मिलिमीटरची ५-६ मीटर वायर, कॉइलसाठी १ चौरस मिलिमीटरची २ मीटर. शिवाय थिंबल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायचं धातूचं टोक), हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) आणि वायरी झाकायला नळी. रिले पाच पिनांचा मिळाला तर मधल्या पिनचा नंबर नीट वाचा. ती ८७ए असेल तर रिले बंद असतानाही तिच्यात करंट असतो. तिला वायर जोडली की स्विच बंद केल्यावर दिवे लागतात!

कपलरमधली कॉमन पिन शोधा

दोन्ही बल्बांचे कपलर काढा. इथे मीटर फसवतो: डॅशबोर्डवरच्या अप्परच्या निळ्या दिव्यातून झिरपणारं व्होल्टेजही तो पूर्ण १२ दाखवतो. म्हणून २१ वॅटच्या बल्बाचा टेस्ट लॅम्प वापरा. डिपरवर ज्या दोन पिनांत तो झगझगीत लागेल ती जोडी लिहून ठेवा, मग अप्परची. दोन्ही जोड्यांत जी पिन येते ती कॉमन.

जपानी बनावटीच्या अनेक गाड्यांत ही कॉमन पिन प्लसची असते आणि स्विच अर्थ देतो. त्यामुळे कॉइलचं दुसरं टोक सवयीने बॉडीला लावलं तर दोन्ही बाजूंना अर्थच येतो आणि रिले ओढत नाही. टोक कॉमन पिनवर गेलं की गाडी कुठल्याही पद्धतीची असो, काम होतं. फक्त आत डायोड असलेले रिले घेऊ नका, त्यांना प्लस-मायनस पाळावं लागतं.

जोडणी

बॅटरीचा मायनस काढा (१० नंबरचा पाना). मग:

१. बॅटरीच्या प्लसवरून दोन वायरी काढा, प्रत्येकीला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज लावा आणि एकेक रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर (करंट आत येतो ती) न्या. फ्यूज दोन, कारण एक उडाला तरी रात्री घाटात अप्पर किंवा डिपर यांपैकी एक हाताशी राहतो.

२. पहिल्या रिलेच्या ८७वरून (करंट बाहेर जातो ती पिन) दोन्ही होल्डरच्या डिपर पिनला, दुसऱ्याच्या ८७वरून अप्पर पिनला. नव्या होल्डरमध्ये पिनांच्या जागा जुन्या कपलरप्रमाणेच धरा.

३. होल्डरच्या कॉमन पिना २.५च्या वायरीने बॉडीला.

४. एकाच जुन्या कपलरवरून कॉइल चालवा: ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं; दोन्ही रिलेंचे ८५ कॉमनला, ८६ अनुक्रमे डिपरला आणि अप्परला. आता स्विचमधून जेमतेम ०.१५ अँपिअर जाईल. दुसरा कपलर मोकळा राहतो, पण त्यात करंट असू शकतो. स्लीव्ह घालून घट्ट बांधा.

सगळ्यात जास्त वेळ अर्थिंगला द्या. बोल्टभोवतीचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, थिंबल आणि दातेरी वॉशर घालून आवळा, वरून ग्रीस फासा. रंगावरच बसवलेलं थिंबल उन्हाळाभर चालतं आणि पहिल्या पावसात दिवे मिचकायला लागतात. थिंबल क्रिम्पिंग प्लायरने दाबा, मग वायर जोरात ओढून बघा. सोल्डरचं टोक ताठ होतं आणि इंजिनाच्या थरथरीने वायर नेमकी तिथेच तुटते.

रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे सॉकेटमध्ये पाणी साचणार नाही. वायरी रेडिएटरचा पंखा आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा; वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकात बसणारं कडं) हवाच.

तपासणी

मायनस जोडा आणि अप्पर-डिपर करा. दोन्ही रिलेंचा टक् आवाज यायला हवा. आवाज येतो पण दिवा नाही, तर फ्यूज किंवा होल्डरची अर्थिंग बघा. आवाजच नाही, तर कॉमन पिन चुकली आहे. दहा मिनिटं दिवे चालू ठेवून फ्यूज होल्डर आणि थिंबलला हात लावा. गरम लागतं तिथे जोड सैल आहे. मग बल्बावरचं व्होल्टेज पुन्हा मोजा. बॅटरीपेक्षा ०.३ व्होल्टच्या आत आलं पाहिजे.

उजेड वाढला की दिव्यांचा रोख लावणं आलंच. सपाट जागी, टायरमध्ये हवा नीट असताना भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. डिपरच्या उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा सुमारे ५ सेंटीमीटर खाली पडावी आणि फक्त डावीकडे, रस्त्याच्या कडेच्या बाजूला वर चढत जावी.