जुन्या गाडीला मोठा ऑइल कूलर हवा का?

सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की ॲम्बेसेडर, पद्मिनीवाले ऑइल कूलर, म्हणजे इंजिन ऑइल थंड करणारा छोटा रेडिएटर, शोधायला निघतात. थांबा, आधी ऑइलचं तापमान मोजा. पाण्याचा काटा ते सांगत नाही. इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या (ऑइल संप) ड्रेन प्लगमध्ये, म्हणजे ऑइल काढायच्या बोल्टच्या जागी, सेन्सर बसवा आणि भर दुपारी पुणे हायवेवर टेंभुर्णीपर्यंत एका वेगात जा. ९० ते ११० अंश आलं, तर पैसे वाचले. सतत १२० च्या पुढे राहिलं, तरी आधी रेडिएटर, फॅन बेल्ट, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), ऑइलची पातळी तपासा. बहुतेकदा दोष तिथेच सापडतो.

एवढं करूनही तापमान उतरत नसेल तर कूलर घ्या, पण ८० अंशांच्या आसपास उघडून मगच ऑइल कूलरकडे सोडणाऱ्या थर्मोस्टॅटसकटच. नाहीतर डिसेंबरच्या सकाळी ऑइल गारच राहतं, त्यातला ओलावा उडत नाही आणि गाळ साचतो. कूलरचे पाइप जोडायची सँडविच प्लेट इंजिन आणि फिल्टरच्या मध्ये बसते, पण फक्त स्पिन-ऑन, म्हणजे आख्खा फिरवून लावायच्या फिल्टरलाच. जुना भांड्यातला फिल्टर असेल तर आधी ॲडॅप्टर लागेल. कूलरने रेडिएटरचं तोंड झाकू नका, पाणी तापेल. पाइप पत्र्याच्या कडेला घासता कामा नये: फुटला तर काही क्षणांत प्रेशर जाऊन बेअरिंग संपतात. इंजिन चालवून बंद केल्यावर डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी पुन्हा बघा. कूलर आणि पाइपही ऑइल पितात.