कापसाचं अनुदान अडकलं तर आधी कुठे बघायचं

राज्य सरकारच्या खरीप 2023च्या कापूस-सोयाबीन अनुदानाचे पैसे 2024च्या सप्टेंबरअखेर सुटले. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या पांढरकवडा भागात तेव्हा जो भेटेल तो विचारायचा, "तुझे आले का?" माझे आले. शेजारच्या काकूंचे आले नाहीत. त्यांची पऱ्हाटी (म्हणजे कापूस) माझ्यापेक्षा जास्त, तरी नाहीत. त्यांच्यासोबत मी पंधरा दिवस फिरलो, त्यातून कळलेलं सांगतो.

हिशेब सोपा होता. 20 आरपर्यंत (साधारण अर्धा एकर) सरसकट 1,000 रुपये, क्षेत्र त्याहून जास्त असेल तर हेक्टरी 5,000, आणि मर्यादा दोन हेक्टरची. म्हणजे पाच एकरवाल्याला 10,000 आणि पंधरा एकरवाल्यालाही तेवढेच. तहसीलला जाण्याआधी आपला आकडा घरीच काढून ठेवा.

मग सातबारा काढा आणि खालचा भाग, गाव नमुना 12, वाचा. लोक वरचं नाव बघतात आणि कागदाची घडी घालतात. त्या वर्षीच्या खरिपात कापूस लागलेला दिसतो का, क्षेत्र किती, हे तिथेच कळतं. आपल्याकडे सहा तास (ओळी) पऱ्हाटी आणि एक तास तूर असते. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल अॅपवर पिकाची नोंद, करताना घाईत नुसती तूर निवडणारे मी पाहिलेत. मिश्र पीक निवडा, दोन्हीचं क्षेत्र भरा. फोटो वावरात उभं राहूनच काढा. घरच्या ओसरीवरून भरलेली पाहणी शेताच्या गटापासून किती दूर आहे, ते अॅपला कळतं. चूक झालीच तर दुरुस्तीला 48 तास मिळतात. नंतर तलाठ्याकडे चकरा.

काकूंचा सातबारा चोख होता. आधार संमतीपत्रही त्यांनी कृषी सहायकाकडे दिलं होतं. घोळ बँकेत निघाला. त्या म्हणायच्या, "माझं आधार बँकेत जोडलेलं हाये." बँकेतला बाबूही तेच म्हणाला, आणि दोघंही खरं बोलत होते. पण आधार चार खात्यांना जोडलेलं असलं तरी सरकारी पैसा जातो एकाच बँकेत, जिथे डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) आधारचं शेवटचं सीडिंग, म्हणजे नोंद, झालं तिथे. ते बघायचं तर आधारच्या संकेतस्थळावर आपल्या नंबरने लॉगिन करा, ओटीपी टाका आणि 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. आम्ही उघडलं तर भलत्याच पेमेंट बँकेचं नाव! दोन वर्षांपूर्वी सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा दोनदा घेतला होता, तेव्हाच हे खातं निघालं. पैसे तिथे गुपचूप पडून होते. अंगठा लावून काढले. मग आपल्या नेहमीच्या बँकेत डीबीटीसाठी आधार सीडिंगचा अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. नुसतं "आधार लिंक करा" म्हणू नका, 'डीबीटी' हा शब्द अर्जात लिहा.

जमिनीचं खातं सामाईक असेल तर दुखणं वेगळं. पैसे एकाच्या बँक खात्यात जातात, बाकीच्यांची नाहरकत लागते. भावाभावात बोलणं बंद असेल तर 5,000 रुपयांसाठी कोण सही देतो? आमच्या गावात एकाने मामाला मध्ये घातलं, तेव्हा कुठे सही झाली. वडील वारले असतील तर वारस फेरफार (सातबाऱ्यावर वारसांची नावं) आधी करून घ्या, मयताच्या नावावर काही येत नाही.

15 एप्रिल 2025पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तो काढताना सगळे गट नंबर जोडले गेले का ते बघा. दुसऱ्या गावच्या शिवारातला तुकडा हमखास राहतो.

कृषी सहायकाकडे जाताना आधार, सातबारा आणि पासबुकाची झेरॉक्स न्या आणि प्रत्येकीवर गट नंबर व मोबाईल नंबर लिहा. मोबाईल स्वतःचाच द्या. काकूंनी पोराचा दिला होता, पोरगा पुण्याला, आणि ओटीपीसाठी त्याची ड्युटी सुटेपर्यंत आम्ही दोघं सेवा केंद्राच्या बाकावर बसून होतो.