संगणक रखडतोय? नवा घेण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी बॅकअप. फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइली तिथूनच उघडून बघा. हे झाल्याशिवाय काहीही पुसायला घेऊ नका.

मग संगणक रीस्टार्ट करा. शट डाउन नको, रीस्टार्टच. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टिमचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. कितीतरी तक्रारी इथेच मिटतात.

तरीही रखडत असेल तर रोग कुठे आहे ते शोधा. हे काम घाईने उरकू नका. नेहमीचं काम करताना मशीन अडखळलं की त्याच वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू, मेमरी आणि डिस्क या रकान्यांच्या डोक्यावर टक्केवारी दिसते. ती कागदावर टिपून ठेवा. मेमरी सतत नव्वदीच्या पुढे असेल तर रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, अपुरी पडतेय. अशा वेळी विंडोज काही माहिती डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये हलवते, आणि डिस्क रॅमपेक्षा खूपच संथ असल्यामुळे एका खिडकीतून दुसरीत जातानाही ताटकळावं लागतं. मेमरी मोकळी असून नुसती डिस्कच 100 टक्क्यांवर असेल, तर बहुधा अपडेट उतरतंय किंवा अँटिव्हायरसची तपासणी चालू आहे. ती आधी संपू द्या.

मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की सर्वात जास्त रॅम खाणारा प्रोग्रॅम वर येतो. बऱ्याचदा तो ब्राउझरच निघतो. क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठला टॅब, कुठलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) किती मेमरी घेतंय ते वेगवेगळं दिसतं. न लागणारी एक्स्टेन्शन्स काढून टाका. क्रोममध्ये मेमरी सेव्हर, एजमध्ये स्लीपिंग टॅब्स चालू करा. बराच वेळ न उघडलेला टॅब दिसतो जागेवरच, पण त्याने अडवलेली मेमरी मोकळी होते.

आता टास्क मॅनेजरमधलं स्टार्टअप अ‍ॅप्सचं पान. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमपैकी जे रोज लागत नाहीत, ते राइट क्लिक करून डिसेबल करा. प्रोग्रॅम तिथेच राहतो, फक्त आपण उघडला तरच सुरू होतो. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाच्या ड्रायव्हरशी संबंधित नोंदींना हात लावू नका. एखादं नाव ओळखीचं नसेल तर आधी ते काय आहे हे शोधा.

सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज या वाटेने टेम्पररी फाइल्सपर्यंत जा. तिथल्या यादीत डाउनलोड्सही असतं, त्यापुढे खूण नाही ना हे नीट बघूनच पुसा. यामुळे रॅम वाढणार नाही, पण अपडेटला आणि पेजफाइलला जागा मिळेल. डीफ्रॅगसाठी, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र आणण्यासाठी, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. हार्ड डिस्क असो वा एसएसडी, विंडोज तिच्या प्रकाराला लागणारी निगा ठरावीक काळाने स्वतःच राखते.

एका क्लिकमध्ये रॅम मोकळी करून देणारी मोफत सॉफ्टवेअर घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. विंडोज रिकाम्या रॅममध्ये पुढे लागू शकणारी माहिती ठेवते आणि एखाद्या प्रोग्रॅमला गरज पडली की ती जागा लगेच सोडते. ही सॉफ्टवेअर तीच माहिती हुसकावून लावतात. आकडा सुधारलेला दिसतो, पण पुढचं काम डिस्ककडून पुन्हा मागवावं लागतं. विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, साफ करणारे रजिस्ट्री क्लीनर तर नकोच.

एका वेळी एकच बदल करा, रीस्टार्ट करा आणि टिपलेल्या आकड्यांशी ताडून बघा.

एवढं करूनही 4 जीबी रॅमचं जुनं मशीन दमत असेल, तर विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे लुबुंटूसारखं हलकं लिनक्स, फुकट मिळतं. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्टही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे, त्यामुळे हा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. इन्स्टॉल न करता ते आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. तेव्हाच वायफाय, आवाज आणि प्रिंटर नीट चालतात का ते तपासून घ्या.