स्क्रिप्ट फॉन्ट वापरताना या चुका टाळा

स्क्रिप्ट, म्हणजे हाताने लिहिल्यासारख्या फॉन्टवर ‘वाचताच येत नाही’ असा आळ येतो, तेव्हा दोष बहुतेकदा मांडणीचा असतो. या फॉन्टचा सगळा जीव जोडात असतो. एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराला नेमकी टेकेल, अशा बेताने प्रत्येक अक्षराच्या आजूबाजूची जागा ठरवलेली असते.

म्हणून अक्षरं सुटी दिसू लागली, की आधी ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमधलं सरसकट अंतर बघा. शीर्षक ऐसपैस वाटावं म्हणून कुणीतरी ते वाढवलेलं असतं. ते शून्यावर आणा. कर्निंग, म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या जोडीतलं अंतर ‘ऑप्टिकल’ असेल तर ‘मेट्रिक्स’ करा. ऑप्टिकलमध्ये सॉफ्टवेअर स्वतःच्या अंदाजाने अंतर ठरवतं आणि फॉन्ट बनवणाऱ्याचा हिशेब बाजूला पडतो. वेबपानावर लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलं तर ब्राउझर ऐच्छिक लिगेचर, म्हणजे दोन-तीन अक्षरं मिळून केलेली जोडरूपंही सहसा बंद करतात. देवनागरीत तर थेट शिरोरेषाच तुटू शकते.

रोमन मजकूर सगळा कॅपिटलमध्ये टाकणं ही दुसरी हमखास चूक. ती वळणदार कॅपिटल शब्दाच्या सुरुवातीला एकेकटी उभी राहायला काढलेली असतात. शेजारीशेजारी आली की एकमेकांत अडकतात. संक्षेपांसाठी सरळ साधा फॉन्ट घ्या.

एकाच शब्दातली दोन सारखी अक्षरं हुबेहूब दिसली, की हस्ताक्षराचं सोंग उघडं पडतं. सॉफ्टवेअरच्या ओपनटाइप (फॉन्टच्या जादा सोयी) पर्यायांमधलं ‘कॉन्टेक्स्च्युअल अल्टरनेट्स’ चालू करा. फॉन्टमध्ये पर्यायी अक्षरं असतील तर ती आपोआप येतील. स्वॉशचा, म्हणजे अक्षराच्या लांब नक्षीदार शेपटीचा मोह मात्र आवरा. माझ्या मते एका ओळीत एक पुरे. ती शेपटी कापली जात असेल तर मजकुराची चौकट मोठी करा.

अक्षरांना बाह्यरेषा दिल्यावर जोडांवर आडव्यातिडव्या रेघा दिसतात, कारण अक्षरं तिथे एकमेकांवर चढलेली असतात. कटिंग मशीनही त्याच रेघांवरून पातं फिरवतं. मजकुराचे आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून, ते ‘युनाइट’ (एकजीव) करा. मूळ फाइल वेगळी ठेवा, कारण आउटलाइन केलेल्या मजकुरात नंतर शुद्धलेखन सुधारता येणार नाही.

मराठी मजकुरावर फॉन्ट लागतच नसेल, तर बहुधा त्यात देवनागरी नाही आणि संगणकाने गुपचूप दुसराच फॉन्ट बसवलाय. ‘कलम’सारख्या फॉन्टमध्ये देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, शिवाय लाइट, रेग्युलर, बोल्ड अशी तीन वजनंही (अक्षरांचे जाडबारीकपणे). बोल्ड हवा असेल तर तोच खरा बोल्ड निवडा. सॉफ्टवेअरने फुगवलेल्या अक्षरात जाड-बारीक रेषांचा फरक बुजतो. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येत असतील तर मजकुराची भाषा ‘मराठी’ करून बघा. काही फॉन्टमध्ये मराठी रूपं दिलेली असतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलतीकडे पडत असेल, तर मजकूर रचणारा ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा.

राहिला आकार. गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरातल्या बारीक रेषा छपाईत शाईने भरून जातात, त्यामुळे पडद्यावर झूम करून समाधान मानू नका, प्रत्यक्ष मापाची एक प्रत काढा.